गच्चीवरची सिमेंट-लाकूड बोर्डाची भिंत: गारवा आणि ताकद हवी तर कामाचा क्रम असा ठेवा

गच्चीवर खोली वाढवायची असते, स्लॅबवर विटांचे ओझे नको असते, म्हणून सिमेंट-लाकूड बोर्ड निवडला जातो. पहिल्या उन्हाळ्यात खोली भट्टीसारखी तापते, पहिल्या पावसाळ्यात सांधे उकलतात आणि सगळे खापर बोर्डावर फुटते. बहुतेक ठिकाणी बोर्ड चांगलाच असतो. चूक होते ती बोर्डालाच भिंत समजल्याने. या भिंतीत वजन आणि वारा लोखंडी चौकट पेलते, उष्णता पोकळीतले रॉकवूल (दगडाच्या तंतूंचा उष्णतारोधक माल) अडवते, आणि बोर्ड या दोघांना ऊन-पावसापासून झाकतो. यातले एक काम दुसऱ्याच्या गळ्यात घातले की भिंत बिघडते. खालचा क्रम याच हिशेबाने लावला आहे.

इथे ज्या बोर्डाबद्दल लिहितो आहे तो सिमेंट बॉन्डेड पार्टिकल बोर्ड. लाकडाचे बारीक तुकडे सिमेंटमध्ये कालवून, दाबून बनवलेला. वजनाने पाहिले तर त्यात सर्वांत मोठा वाटा सिमेंटचा असतो. त्याचे भारतीय मानक आयएस १४२७६. दुकानात मात्र 'सिमेंट शीट' म्हटले की फायबर सिमेंट बोर्डही पुढे येतो, त्याचे मानक आयएस १४८६२. तो वेगळा माल आहे. त्यात लाकडाचे तुकडे नसतात, सेल्युलोजसारखे तंतू असतात, आणि त्याचे स्क्रूचे अंतर व सांध्याची फट यांचे नियमही वेगळे असतात. बिलावर नुसते 'सिमेंट बोर्ड' लिहून घेऊ नका, मानकाचा क्रमांक लिहून घ्या.

घरच्या घरी भुसा आणि सिमेंट कालवून विटा पाडण्याचे प्रयोगही होतात. लाकडातली साखर आणि टॅनिन सिमेंटचे घट्ट होणे रोखतात, त्यामुळे भुसा कोणत्या झाडाचा आहे यावर विटेची ताकद बदलते. कारखान्यात त्यावर प्रक्रिया होते, अंगणात होत नाही. भार घेणाऱ्या भिंतीसाठी तो मार्ग धरू नका.

## टप्पा १: बोर्ड विकत घेण्याआधी स्लॅब आणि परवानगी

हलक्या मालाची खोलीसुद्धा खोलीच असते. चटईक्षेत्र, सोसायटीची संमती, नगरपालिकेची परवानगी हे सगळे विटांच्या खोलीइतकेच लागू होते. 'नुसते शेड आहे' या समजुतीवर बांधून नंतर पाडायची वेळ येऊ देऊ नका.

आता वजन. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेल्या ९ इंची विटांच्या भिंतीचे वजन चौरस मीटरला साधारण ४७० किलो भरते. म्हणजे ३ मीटर उंच भिंत एका धावत्या मीटरला १,४०० किलोच्या आसपास. दोन्ही बाजूंना १२ मिमी बोर्ड, मध्ये ५० मिमीचे पाइप आणि रॉकवूल अशी भिंत चौरस मीटरला ४० ते ४५ किलो, म्हणजे तेवढ्याच उंचीला धावत्या मीटरमागे १२० ते १३५ किलो. फरक दहापटीचा आहे. भूकंपाचा धक्का इमारतीच्या वस्तुमानाच्या प्रमाणात बसतो, म्हणून कोयना परिसरासारख्या ठिकाणी या हलकेपणाला विशेष किंमत आहे.

पण नुसत्या भिंतींच्या वजनावर निर्णय घेता येत नाही. आयएस ८७५च्या दुसऱ्या भागाप्रमाणे वावराच्या गच्चीसाठी चल भार, म्हणजे माणसे-सामानाचे ओझे, चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन (सुमारे १५० किलो) धरतात, राहत्या खोलीसाठी २. म्हणजे खोली झाली की फरशीवरचा अपेक्षित भारही वाढतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्लॅब तपासून घ्या आणि भिंती शक्यतो खालच्या बीमच्या रेषेत आखा.

इशारा: वजन कमी म्हणून वारा भिंतीला सोडत नाही, उलट जास्त त्रास देतो. आयएस ८७५च्या तिसऱ्या भागात मुंबई आणि नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, पुण्यासाठी ३९. दाबाचे सूत्र वेगाचा वर्ग गुणिले ०.६. म्हणजे ४४ला चौरस मीटरमागे सुमारे ११६० न्यूटन, म्हणजे ११८ किलोचा रेटा, तोही उंची आणि परिसराचे गुणक लावण्याआधी. ४ बाय ३ मीटरच्या भिंतीवर हा रेटा १,४०० किलोवर जातो आणि त्या भिंतीचे स्वतःचे वजन असते ५०० किलो. विटांची भिंत वजनाच्या जोरावर बरेच काही सोसते. ही भिंत तिच्या बांधणीवर आणि अँकरवरच उभी राहते.

## टप्पा २: थर ठरवा आणि आकडा काढा

भिंतीतून किती उष्णता आत येते हे 'यू' या आकड्यावरून कळते. यू जितका कमी तितकी भिंत चांगली. काढायला सोपा आहे: प्रत्येक थराची मीटरमधली जाडी भागिले त्या मालाची उष्णतावाहकता, म्हणजे त्या थराचा विरोध. सगळे विरोध मिळवा, आतल्या-बाहेरच्या हवेच्या पापुद्र्यांसाठी ०.१७ मिळवा, आणि १ला त्या बेरजेने भागा.

वाहकतेचे आकडे: सिमेंट-लाकूड बोर्ड ०.२३, वीट ०.८१, प्लास्टर ०.७२, रॉकवूल साधारण ०.०४. वीट आणि बोर्ड यांची तुलना पाहून लोक इथेच फसतात. बोर्ड विटेपेक्षा साडेतीनपट चांगला हे खरे, पण तो १२ मिमी जाड आहे आणि वीट २३० मिमी.

चार भिंतींचा हिशेब असा येतो:

- ९ इंची वीट, दोन्हीकडे प्लास्टर: यू सुमारे २.०
- चौकटीवर बाहेरून एकच १२ मिमी बोर्ड: ४.५
- दोन्हीकडे १२ मिमी बोर्ड, मध्ये नुसती पोकळी: २.२
- दोन्हीकडे १२ मिमी बोर्ड, मध्ये ५० मिमी रॉकवूल: कागदावर ०.६६

पश्चिमेची १२ चौरस मीटरची भिंत घ्या आणि ऊन धरून बाहेर-आत २० अंशांचा फरक माना. विटेतून सुमारे ४८० वॉट आत येतात, एकेरी बोर्डातून १,०८० वॉट. एकेरी बोर्डाची खोली का तापते याचे उत्तर या एका आकड्यात आहे. पैसे वाचवायला आतला बोर्ड आणि रॉकवूल गाळणे ही सर्वांत महागडी बचत आहे, कारण ती पुढे दर महिन्याच्या वीजबिलात फेडावी लागते.

'कागदावर' ०.६६ म्हटले ते मुद्दाम. लोखंडी पाइप रॉकवूलला वळसा घालून उष्णता सरळ आत नेतात. ५० बाय ५० मिमीचे पाइप दोन-दोन फुटांवर आणि आडवे पाइप धरले, तर खरा यू १ ते १.२च्या दरम्यान येतो. तरीही तो विटेच्या निम्मा आहे. पाइपच्या बाहेरच्या अंगाला १० मिमी जाडीची टणक एक्सपीएस (दाट पॉलिस्टायरीन) फोमची पट्टी लावली तर तो ०.९पर्यंत उतरतो. खर्च अगदी थोडा आहे आणि मी ही पट्टी कधीच गाळू देणार नाही.

एक मर्यादा मात्र समजून घ्या. विटांची भिंत दुपारची उष्णता कित्येक तास पोटात ठेवते आणि रात्री सोडते. बोर्डाच्या भिंतीत तेवढे वस्तुमानच नाही. तिच्यातून जी काही उष्णता येते ती लगेच येते, आणि सूर्य मावळल्यावर ती लगेच निवतेही. कोकणात, जिथे दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक नसतो, तिथे यात तोटा काही नाही. रात्री झोपायच्या खोलीला तर फायदाच आहे. विदर्भात दुपारी वापरायची खोली असेल तर ५०ऐवजी ७५ मिमी रॉकवूल घ्या, पाइपही ७५ मिमीचेच घ्या, आणि पश्चिमेला पडवी किंवा रुंद पागोळी काढून भिंतीवर ऊनच पडू देऊ नका.

तपासा: छताचा आकडाही याच वेळी काढा. इको-निवास संहिता २०१८ निवासी इमारतीच्या छतासाठी यू १.२च्या खाली मागते. उघड्या पत्र्याचा यू ५च्या घरात असतो. गच्चीवरच्या खोलीत सर्वाधिक ऊन छतावर पडते. भिंतीत रॉकवूल आणि डोक्यावर उघडा पत्रा असेल तर भिंतीवरचा खर्च वाया जातो. बजेट अपुरे असेल तर आधी छत, मग पश्चिमेची भिंत, मग बाकीच्या.

## टप्पा ३: माल घेणे, साठवणे, मुरू देणे

८ बाय ४ फुटांचा, म्हणजे २४४० बाय १२२० मिमीचा १२ मिमी बोर्ड ४५ किलोच्या आसपास भरतो. दोन-तीन बोर्ड काट्यावर ठेवून पाहा. वजन फारच कमी असेल तर घनता कमी आहे किंवा जाडी चोरली आहे. कॅलिपरने चार कोपऱ्यांवर जाडी मोजा. कडा हाताने दाबून पाहा, भुगा पडत असेल तर तो माल परत करा.

बोर्ड उचलताना उभा, कडेवर धरून न्या. आडवा नेला तर स्वतःच्या वजनाने मध्ये वाकतो आणि डोळ्यांना न दिसणारी चीर घेऊनच भिंतीवर चढतो. साठवताना मात्र आडवा, सपाट, दोन-दोन फुटांवर पट्ट्या ठेवून. भिंतीला टेकवून तिरपा ठेवलेला बोर्ड आठवड्यात बाक धरतो आणि तो बाक स्क्रूने सरळ होत नाही.

लाकूड आहे म्हणजे ओलाव्याने फुगणे आणि सुकल्यावर आखडणे आले. कोरड्या हवेतून दमट हवेत गेल्यावर हा बोर्ड मीटरमागे एक ते दोन मिमी वाढतो. म्हणून बोर्ड जिथे लागणार तिथेच, झाकून पण हवा खेळती ठेवून, किमान दोन-तीन दिवस ठेवा. ट्रकमधून भिजून आलेला माल सुकल्याशिवाय लावू नका. ओला बोर्ड घट्ट बसवला तर तो पुढे आखडतो आणि ताण स्क्रूपाशी किंवा सांध्यात फुटतो.

इशारा: प्राइमर बोर्डाच्या दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना, बोर्ड चढवण्याआधी लावा. फक्त दर्शनी बाजू रंगवली तर मागची बाजू ओलावा पिते, पुढची पीत नाही, आणि बोर्ड वाकतो. सिमेंटच्या क्षारांना टिकणारा अल्कली-रोधक प्राइमरच घ्या. काम चालू असताना कापलेल्या प्रत्येक कडेला पुन्हा हात मारायचा, हे मिस्त्रींना पहिल्याच दिवशी सांगा.

## टप्पा ४: कर्ब आणि अँकर

गच्चीवर बहुधा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा उताराचा थर, असतो. फॅब्रिकेटर येतो, कोब्याला भोके पाडतो, अँकर फास्टनर ठोकतो आणि वर खालचा पाइप आवळतो. त्या अँकरची पकड विटांच्या तुकड्यांत आणि चुऱ्यात असते, काँक्रीटमध्ये नाही. वरून वॉटरप्रूफिंगलाही भोक पडलेले असते. वाऱ्याचा जो रेटा वर काढला तो अशा अँकरच्या भरवशावर सोडता येत नाही.

बरोबर क्रम असा:

१. भिंतीच्या रेषेत कोब्याची पट्टी कापून खालचा स्लॅब उघडा करा.
२. इंजिनिअरने दिलेल्या अंतरावर स्लॅबमध्ये केमिकल अँकरने (भोकात भरायच्या रासायनिक चिकट मिश्रणाने) सळया बसवा.
३. त्यात काँक्रीटचा कर्ब, म्हणजे भिंतीखालचा बुटका कट्टा, ओता. तयार कोब्याच्या वर किमान १५० मिमी आला पाहिजे.
४. कर्ब आणि कोबा यांच्या कोपऱ्यात गोलाई, म्हणजे वाटा, काढून वॉटरप्रूफिंग कर्बच्या माथ्यापर्यंत चढवा.
५. गच्चीवर पाणी कोंडून किमान दोन दिवस ठेवा, खालच्या मजल्याचे छत पाहा. मगच चौकट.

तपासा: स्लॅबला ड्रिल मारताना पूड पाहा. लाल पूड येत असेल तर ड्रिल अजून विटेत आहे, राखाडी आली की काँक्रीट लागले. उतारामुळे कोब्याची जाडी जागोजागी वेगळी असते, त्यामुळे एका भोकावरून सगळ्यांची खोली ठरवू नका.

गच्चीचे पाणी वाहून जाण्याचा मार्ग नव्या कर्बने अडतो का हेही आत्ताच पाहा. नंतर कर्ब फोडून नळी घालणे म्हणजे केलेले वॉटरप्रूफिंग पुन्हा फोडणे.

## टप्पा ५: चौकट, आणि ६०० मिमीची चूक

जिप्सम पार्टिशनसाठी येणारे पातळ जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) सेक्शन घराच्या आतल्या भिंतींसाठी असतात. बाहेरच्या, वारा खाणाऱ्या भिंतीला ते वापरू नका. तिथे चौकोनी पाइप किंवा जाड गेजचे सेक्शन, आणि त्यांचा आकार, जाडी, अंतर इंजिनिअर ठरवील. ९ फूट उंचीला चालणारा पाइप ११ फुटांना चालेलच असे नाही, कारण उंचीबरोबर पाइपचा बाक फार झपाट्याने वाढतो, आणि चौकट लवली की पहिल्यांदा सांध्यातले सीलंट फाटते.

सर्वाधिक कामे जिथे बिघडलेली दिसतात ती जागा म्हणजे उभ्या पाइपांचे अंतर. फॅब्रिकेटरला 'दोन फुटांवर' सांगितले की तो ६०० मिमी धरतो. बोर्ड मात्र १२२० मिमी रुंद आहे आणि बाहेरच्या सांध्याला ६ मिमी फट लागते. म्हणजे एका बोर्डाच्या सुरुवातीपासून पुढच्या बोर्डाच्या सुरुवातीपर्यंत १२२६ मिमी. पाइप १२०० वर आणि सांधा १२२० ते १२२६ वर. ५० मिमीच्या पाइपचा अर्धा भाग २५ मिमी, म्हणजे पहिल्याच सांध्यात पुढच्या बोर्डाची कड पाइपच्या बाहेर गेली. दुसऱ्या सांध्यात दोन्ही कडा अधांतरी. मग मिस्त्री प्रत्येक बोर्ड कापतो, किंवा फट बुजवून बोर्ड एकमेकांना चिकटवतो, किंवा कडेपासून ५ मिमीवर स्क्रू मारतो आणि कड फुटते. पावसाळ्यात गळणाऱ्या सांध्यांचे मूळ शोधत गेले की पुष्कळदा आपण या २६ मिमीपाशी पोचतो.

म्हणून पाइपांचे अंतर बोर्डावरून ठरवा, फुटपट्टीवरून नको:

१. सांध्याखालचा पाइप दर १२२६ मिमीवर, फटीची मध्यरेषा पाइपच्या मध्यावर.
२. मधला पाइप त्याच्या बरोबर मध्ये, म्हणजे ६१३ मिमीवर.
३. सांध्याखाली जमल्यास ७५ मिमी रुंद अंग घ्या. दोन्ही बोर्डांना टेकायला जागा मिळते आणि स्क्रू कडेपासून दूर राहतो.
४. आडवे पाइप तळाला, माथ्याला आणि प्रत्येक आडव्या सांध्यामागे.
५. खिडकी-दाराच्या चारही बाजूंना स्वतंत्र चौकट. खिडकीचे वजन बोर्डावर येता कामा नये.

फुलीचे तिरपे आधार कोपऱ्याजवळच्या भागांत द्या. बोर्ड बसले की चौकट ताठ वाटते आणि आधार वाचवण्याचा मोह होतो. पण बोर्ड आपण मुद्दाम फटी ठेवून, थोडे सरकू देत बसवतो आहोत. त्यांच्याकडूनच चौकट तिरपी होऊ न देण्याचे काम करून घेता येणार नाही.

वेल्डिंगच्या प्रत्येक जागी मळी झाडून झिंक प्राइमर लावा. जीआय पाइपचा जस्ताचा थर वेल्डिंगला जळून जातो, आणि बोर्डामागे गंजणारा सांधा कोणालाच दिसत नाही.

चौकट पुरी झाल्यावर इथे थांबा. प्रत्येक उभ्या पाइपला ओळंबा लावा, कोपऱ्यांना गुण्या लावा, आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकाला दोरी ताणून सगळे पाइप एका प्रतलात आहेत का पाहा. ३ मिमीहून जास्त पुढे-मागे असेल तर आत्ताच दुरुस्त करा. पुढे आलेल्या पाइपवर बोर्ड आवळला की तो तिथेच चिरतो.

## टप्पा ६: लाइट, नळ आणि जड वस्तूंचा आधार

वायरिंगच्या नळ्या चौकटीत बसवून घ्या. पाण्याची नळी पोकळीतून नेऊ नका. गळती सुरू झाली तर रॉकवूल भिजते आणि भिंतीवर डाग येईपर्यंत कळत नाही.

एसीचे बाहेरचे युनिट, गीझर, टीव्ही, कपाट कुठे येणार हे आत्ताच ठरवा आणि तिथे चौकटीला आडवी लोखंडी पट्टी किंवा पाइप वेल्ड करा. बोर्डात प्लग ठोकून गीझर टांगणे धोक्याचे आहे. या आधारांचे फोटो फुटपट्टी ठेवून काढून ठेवा, दोन वर्षांनी तेच उपयोगी पडतात.

## टप्पा ७: बाहेरचा बोर्ड

पाइपच्या बाहेरच्या अंगाला फोमची पट्टी, त्यावर पाणी अडवणारा मेम्ब्रेन, खालून वर, प्रत्येक वरचा पट्टा खालच्यावर १०० ते १५० मिमी चढवून. तळाशी मेम्ब्रेन कर्बच्या बाहेरच्या अंगावर उतरला पाहिजे. सांध्यातून चुकून आत गेलेले पाणी तिथून बाहेर पडते.

इशारा: इंटरनेटवरच्या पुष्कळ व्हिडिओंत आतल्या बोर्डामागे प्लॅस्टिकचा कागद लावलेला दिसतो. ते थंड देशांचे काम आहे. तिथे उबदार, दमट हवा खोलीत असते. आपल्याकडे ती बाहेर असते, आणि एसी चालू असेल तर आतला बोर्ड थंड असतो. पावसाळ्यात मुंबई-रत्नागिरी-पणजीकडची हवा त्या प्लॅस्टिकमागे पाणी सोडते. वाफ अडवणारा थर बाहेरच्या बाजूलाच ठेवा, आत प्लॅस्टिक नाही आणि व्हिनाइल वॉलपेपरही नाही.

कापायला कार्बाइड दातांचे ब्लेड. या धुळीत सिमेंट, सिलिका आणि लाकूड तिन्ही असतात, त्यामुळे नाकाला रुमाल पुरत नाही. कामगारांना बारीक धूळ अडवणारे मास्क द्या आणि कापणी मोकळ्यावर करा.

बसवण्याचा क्रम:

१. तळाला कर्बपासून १५ मिमी वर. लाकडी पाचरी ठेवून बोर्ड टेकवा, नंतर पाचरी काढा. तळ कर्बवर टेकला तर बोर्ड वातीसारखे पाणी ओढतो.
२. बोर्डाला आधी भोक पाडा, स्क्रूच्या जाडीपेक्षा एक-दीड मिमी मोठे. बोर्डाला सरकायला तेवढी मोकळीक हवी. मधल्या पाइपवरचे एक-दोन स्क्रू मात्र नेमक्या भोकात, म्हणजे बोर्ड तिथे स्थिर राहून दोन्हीकडे पसरतो.
३. स्क्रू कडेपासून किमान २० मिमी आणि कोपऱ्यापासून ५० मिमी आत. अंतर कडेने २०० मिमी, मध्ये ३०० मिमी. कंपनीच्या पत्रकात याहून कमी अंतर दिले असेल तर ते पाळा.
४. मध्यापासून सुरुवात, मग कडांकडे. चार कोपरे आधी आवळून मध्य नंतर ओढला की बोर्डात ताण अडकतो.
५. आडव्या सांध्यांची रेष शेजारच्या उभ्या रांगेत वर-खाली करा. चार कोपरे एका ठिकाणी आणू नका.
६. खिडकीच्या कोपऱ्यावर सांधा आणू नका. बोर्ड एल आकारात कापून कोपऱ्याभोवती वळवा. कापताना आतल्या कोपऱ्यात आधी गोल भोक पाडा, म्हणजे तिथून चीर निघत नाही.

स्क्रूचे डोके पृष्ठभागाशी सपाट यावे. बोर्डात रुतले की पकड गेली. तो स्क्रू काढून ५० मिमी बाजूला दुसरा मारा.

## टप्पा ८: सांधे

बाहेरचा सांधा पुट्टीने भरून, जाळी लावून, एकसंध भिंतीसारखा लपवायचा हट्ट बहुतेक घरमालक धरतात. बाहेरच्या बाजूला तो टिकत नाही. मीटरमागे मिमी-दीड मिमी हलणाऱ्या बोर्डावर कडक पुट्टी चिरणारच. प्लास्टरचेही तेच. फट दिसू द्या. सरळ रेषेत आखलेल्या फटी भिंतीला शोभतात.

सीलंट पॉलियुरेथेन किंवा हायब्रिड घ्या, रंग बसेल असे. फटीच्या दोन्ही कडा झाडून, प्राइमर लावून, वाळवून घ्या. फटीच्या तळाला आधी बॅकर रॉड (फोमची गोल दोरी) किंवा न चिकटणारी टेप बसवा. हे कशासाठी? सीलंट दोन बाजूंनी चिकटले तर रबरासारखे ताणते. तळालाही चिकटले तर ताणायला जागा उरत नाही आणि ते मधोमध फाटते. टेपची ही पायरी दिसत नाही म्हणून सर्रास गाळली जाते. स्वतः उभे राहून करून घ्या.

तपासा: सीलंट पूर्ण वाळल्यावर आणि आतला बोर्ड लावण्याआधी, पाण्याची नळी घेऊन भिंत खालून वर भिजवा, प्रत्येक सांध्यावर काही मिनिटे. एकजण आत थांबून पाहील. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळते आणि गळती नेमकी कोणत्या सांध्यातून आहे ते कळत नाही.

## टप्पा ९: रॉकवूल आणि आतला बोर्ड

घनमीटरला ४८ किलो किंवा त्याहून दाट रॉकवूलच्या लाद्या घ्या. गुंडाळीतला हलका माल वर्षभरात खाली बसतो आणि भिंतीचा वरचा फूटभर रिकामा होतो. लाद्या पोकळीपेक्षा ५ ते १० मिमी रुंद कापून दाबून बसवा, कुठेही फट नको. ५० मिमीच्या पोकळीत ७५ची लादी कोंबू नका. पाइपमागे, कोपऱ्यांत, स्विचच्या डब्यांमागे तुकडे भरा. रॉकवूल चौकोनी पाइपच्या पोटातही गेले का, असे विचारणारे भेटतात. त्याने फारसा फरक पडत नाही, उष्णता पाइपच्या पत्र्यातून जाते.

अॅल्युमिनियमच्या कागदाचे रॉकवूल असेल तर तो कागद बाहेरच्या बाजूला. बोर्डाला चिकटलेला चकचकीत कागद उष्णता परतवत नाही, त्यासाठी त्याच्यापुढे हवेची पोकळी लागते. इथे तो वाफ अडवण्यापुरताच कामाचा.

थर्माकोल स्वस्त पडतो म्हणून तो आत भरू नका. बोर्ड सहज पेट घेत नाही, पण थर्माकोल पेटतो आणि वायरिंग त्याच पोकळीतून गेलेले आहे.

आतला बोर्ड बाहेरच्यासारखाच, फटी ठेवून. स्विचच्या डब्यांभोवती आणि छताच्या कडेला सीलंटची रेष फिरवा, नाहीतर पोकळीतली गरम हवा तिथून खोलीत येते. आतल्या बाजूला जाळीची टेप आणि लवचीक जॉइंट कंपाउंड चालते, पण भिंतीच्या कोपऱ्यात आणि छताशी सीलंटच.

## टप्पा १०: रंग आणि पहिले वर्ष

बाहेर अॅक्रिलिक एक्स्टीरियर रंग, दोन हात, फिकट छटा. पश्चिमेच्या भिंतीला गडद चॉकलेटी किंवा करडा रंग देणे म्हणजे आत्तापर्यंत कमावलेला गारवा परत घालवणे.

मे महिन्यात दुपारी ३-४ वाजता आतल्या भिंतीला हात लावून फिरा, किंवा इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. दर ६१३ मिमीवर गरम पट्टे लागले तर फोमची पट्टी राहिली आहे. भिंतीचा वरचा भाग जास्त गरम असेल तर रॉकवूल खाली सरकले किंवा छताची कड उघडी आहे. एखादाच चौकोन गरम असेल तर तिथली लादी विसरली आहे, आतला एक बोर्ड उतरवून ती बसवता येते.

पहिल्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत, सगळे सांधे एकदा पाहा. बोर्ड तेव्हा आखडू लागलेला असतो आणि फट रुंदावते. सीलंट एका कडेपासून सुटले असेल तर वरून थर चढवू नका. तेवढा तुकडा कापून काढा, कडा साफ करा, टेप शाबूत आहे का पाहा आणि नवे भरा. कर्बवरची १५ मिमीची फट माती, पाने किंवा कुंड्यांनी बुजली असेल तर मोकळी करा आणि कुंड्या भिंतीपासून हातभर दूर सरकवा.